कोणाच्या मातीला

बालाजी ज्वारीत पालथा पडला होता. दोन्ही हातांनी डोकं झाकलेलं, गुडघे पोटाशी, तोंड मातीत. हातातलं आंबिलीचं मडकं फुटून आंबील त्याच्या पाठीवर आणि ज्वारीच्या पानांवर सांडली होती. शेजारच्या शिवाप्पाच्या रानात कुणीतरी पाखरं उठवायला सुतळी बॉम्ब लावला होता. लगेच दुसरा फुटला. त्या आवाजाला बालाजी जमिनीतच शिरायला बघू लागला, बोटांनी माती उकरू लागला. माझा मुलगा, पन्नाशीला आलेला, फौजेतून पेन्शनीवर आलेला माणूस, घुशीसारखी माती उकरत होता.

येळवशीचा दिवस होता. शिवाप्पाकडे लातूरहून गाडी करून पाहुणे आले होते. त्यांच्यातला एक जण जेवणावरून उठून बांधावर आला आणि म्हणाला, "फौजी घाबरला की ओ!" तिघंचौघं हसले. एकानं मोबाइल वर धरला. माझ्या हातात भज्जी वाढायची पळी होती, ती मी त्याच्या अंगावर फेकून मारली. लागली नाही. याचं मला अजून वाईट वाटतं.

येळवस जवळ आली की मला ती सुगी आठवते. आठवण काढावी लागत नाही. ज्वारीचं कणीस निसवून बाहेर पडलं, सकाळच्या दवात कडब्याचा वास आला, की ते सगळं येऊन पुढ्यात बसतं. आता आमच्याकडे, देवणीच्या बाजूला, ज्वारी कमीच झाली. सगळ्यांनी सोयाबीन धरलं. सोयाबीनला पाखरं येत नाहीत, राखण नाही, ओरडणं नाही. जे थोडे लोक घरच्या भाकरीपुरती ज्वारी पेरतात, त्यांच्या तुकड्यावर अख्ख्या शिवारातली पाखरं तुटून पडतात. मी अजून पेरते. विकतच्या ज्वारीची भाकरी मला गिळवत नाही.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. पुण्यामुंबईकडच्या माणसाला हा सण सांगावा लागतो. त्या दिवशी लातूरची दुकानं बंद, रस्ते मोकळे, जो तो आपल्या नाही तर दुसऱ्याच्या रानात. कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी करायची, तिच्यात पाच दगड मांडून पुजायचे. सगळ्या भाज्या आणि हिरवे दाणे एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीचे उंडे, मडक्यातली आंबील. मग घरच्या गडीमाणसानं थोडी आंबील घेऊन उभ्या पिकातून ती शिंपडत, ओरडत फिरायचं. त्याला आम्ही चर शिंपणं म्हणतो. ओरडायचे शब्द अर्धे कानडी आहेत, त्यांचा अर्थ मला सासऱ्यानं सांगितला नाही, त्यालाही तो माहीत नसावा. आवाज मात्र मोठा पाहिजे. बालाजीचा आवाज मोठा होता. नेमकं ओरडतानाच तो बॉम्ब फुटला.

लढाईतून येऊन त्याला तोवर बरीच वर्षं झाली होती. भरतीला गेला तेव्हा साहेबानं विचारलं, कुठला? हा म्हणाला, देवणीचा. साहेबाला आमची देवणी गाय माहीत असावी. म्हणाला, जनावरं कळतात का? हा म्हणाला, कळतात. मग त्याच्या हातात खेचरं दिली. बर्फातल्या डोंगरावर गोळे आणि रेशन पोचवणारी खेचरं. तिथे लढाई झाली तेव्हा हा तिथेच होता. परत आल्यावर मी विचारलं, तर म्हणाला, "काय सांगू माय, लई थंडी होती." एवढंच. मी पुन्हा विचारलं नाही. दिवाळीत तो गावात थांबायचा नाही, शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे रानातल्या गोठ्यावर, गुरांपाशी जाऊन राहायचा. आम्हाला वाटायचं, त्याला गुरांचा लळा आहे. तो तर होताच.

त्या येळवशीनंतर तो घरी आलाच नाही. आखाड्यावरच राहिला. जुन्या कडब्याच्या गंजीमागे, गोठ्याच्या भिंतीकडे तोंड करून बसायचा. जेवण पुढ्यात ठेवलं तर दोन घास खायचा. बोलणं बंद. काही विचारलं तर ‘हाव’ नाही, ‘न्हाई’ नाही. लातूरला डॉक्टरकडे नेला, त्यांनी नीट तपासलं, गोळ्या दिल्या. गोळ्यांनी झोप आली. डॉक्टर म्हणाले, वेळ लागेल, एकटं सोडू नका.

एकटं सोडू नका, हे ऐकून सुनेनं, उषानं, घरी आल्याबरोबर एक काम केलं. आखाड्यावरची सगळी दावी, कासरे, विहिरीवरचा दोर, सगळं गोळा करून पोत्यात भरलं आणि गावातल्या घरी नेऊन कुलपात ठेवलं. का नेलं, हे ती बोलली नाही. मी विचारलं नाही. आमची गुरं मोकळी राहू लागली. मोकळी गुरं इकडेतिकडे जायला लागली, तसं गाव विचारायला लागलं, "काय ओ, जनावरं का सोडली?" उषा म्हणायची, "दावी झिजलीत. नवी करायचीत." सगळी दावी एकदम कशी झिजतील, असं कुणी म्हणालं नाही. गावाला सगळं कळतं. कधी कधी गाव न कळल्याचं दाखवतं, तेवढी त्याची माणुसकी.

गायी मात्र फार लांब जात नव्हत्या. गंजीच्या आसपासच फिरायच्या.

शिवाप्पा येळवशीच्याच संध्याकाळी आला होता. उंबऱ्यावर उभा राहून म्हणाला, "काकू, जावयानं लावला ओ बॉम्ब. मला म्हाईत असतं तर लावू दिला नसता."

"ते झालं," मी म्हटलं. "पुढचं बोल. उद्या लावणार का?"

तो घुटमळला. त्याचंही खोटं नव्हतं. त्या वर्षी भोरड्या, ती गुलाबी अंगाची पाखरं, ढगासारख्या आल्या होत्या. एकदा उतरल्या की अर्ध्या तासात चार ओळी भुंड्या. डबे वाजवून त्यांना भीती वाटेना, बुजगावण्याच्या डोक्यावर त्या बसत. शिवाप्पाच्या घरात खाणारी तोंडं पुष्कळ, त्याचीही वर्षाची ज्वारी तीच.

"मग पाखरं खातील, त्याचं काय करू काकू?"

मी विचार करून ठेवलाच होता. माझी ज्वारी त्याच्या मागून पेरलेली. त्याचं कणीस दाणा धरून टणक व्हायला लागलं होतं, माझं अजून चिकात होतं. पाखराला चिकातला दाणा गोड. "मी माझं रान सोडते," मी म्हटलं. "डबे काढते, बुजगावणं काढते, राखायला कुणी बसत न्हाई. सगळी माझ्याकडं येतील. तू बॉम्ब लावू नको."

"पाखरांना सातबारा वाचता येतो का काकू? ह्या बांधापासून ह्या बांधापर्यंत खा म्हणून?"

"येत न्हाई म्हणूनच तर माझ्यात येतील. त्यांना जिभेचं कळतं."

तो म्हणाला, "अख्खं पीक जाईल तुमचं."

"जाऊ दे की," मी म्हटलं. "तुला कशाला तकलीफ?"

दुसऱ्या दिवशी मी आणि उषानं रानातले डबे काढले, बुजगावण्याचा सदरा काढून धुतला. आणि पाखरं आली. इतकी आली की ज्वारी दिसेना, नुसती फडफड दिसे. राघू कणीस मोडून पायात धरून खातात, अर्धं खातात, अर्धं टाकतात, त्यांचा मला राग येतो. चिमण्या गरीब. भोरड्या भांडखोर, खाताना एकमेकींना शिव्या दिल्यासारखा गलका करतात. मी आखाड्यावर बसून माझं पीक खाताना बघत होते. डोळ्यांत पाणी वगैरे आलं नाही. पण चूल पेटवताना पीठ जपून मळायला लागले, हे खरं.

याच दिवसांत माझी नात शीतल आखाड्यावर होती. माझी लेक बिलोलीला दिली आहे, तिची ही मुलगी. हैदराबादला शिकायला गेली आणि तिथे फ्रान्सची भाषा शिकली. काय करायची ती भाषा, असं मी विचारलं होतं. ती म्हणाली, "आजी, तिथल्या एका लेखकाचं पुस्तक मी मराठीत करून राहिले. तेच माझं परीक्षेचं काम." येळवशीला आली होती, मामाचं असं झालेलं पाहून राहिली. दुपारी मी तुरीच्या शेंगा सोलायचे आणि ती लिहिलेलं मोठ्यानं वाचायची. कानाला कसं लागतं ते तिला बघायचं होतं. माझी चौथी झालेली, पण कान चांगले होते तेव्हा.

त्या लेखकाचं नाव माझ्या तोंडात बसेना, म्हणून मी त्याला फ्रान्सवाला म्हणायचे.

"आजी, फ्रान्सवाला काय! दूधवाल्यासारखं!"

"दूधवाला रोज येतो. ह्याचंही तसंच की. रोज दुपारी येतो."

फ्रान्सवाला एका लहान नदीकाठच्या गिरणीवाल्याचा मुलगा. पाण्यावर चालणारी गिरणी. लहानपणापासून नदीत पाय सोडून बसलेला. शिकून मास्तर झाला आणि तेवढ्यात पहिलं महायुद्ध लागलं, त्यात त्याला नेला. शीतल वाचू लागली, "तो चार हिवाळे चरात राहिला." मी हात थांबवला.

"चार हिवाळे चर शिंपत होता?"

"शिंपत नव्हता गं. चर म्हणजे लांब खड्डा. सैनिक त्यात राहायचे."

"मग खड्डा म्हण. आमच्याकडं चर पिकावर शिंपतात."

ती हसली, मीही हसले. मग दोघींची नजर गंजीकडे गेली. गंजीमागे बालाजी होता. त्याच्या पाठीवर पडलेली आंबील आम्ही दोघींनी पाहिली होती. शीतलनं चर खोडलं नाही आणि खड्डाही लिहिलं नाही. पुढचं वाचायला लागली.

त्या चरांत लेखकाच्या डाव्या कानाजवळ गोळा फुटला आणि तो कान कायमचा गेला. लढाई संपून घरी आल्यावर तो रोज नदीकाठानं फिरायला जायचा. जाताना नदी उजव्या हाताला, पाणी ऐकू यायचं. त्याच वाटेनं परतला तर नदी डाव्या हाताला, सगळं मुकं. म्हणून तो वर जाऊन पूल ओलांडायचा आणि पलीकडच्या काठानं परत यायचा. म्हणजे पुन्हा पाणी उजव्या बाजूला. मरेपर्यंत तो असाच फिरला. गावातले लोक म्हणायचे, मास्तर लांबच्या वाटेनं का येतो? त्यानं कुणाला सांगितलं नाही. पुस्तकात लिहिलं, तेही म्हातारपणी.

हे मला पटलं. न सांगणारा माणूस माझ्या ओळखीचा होता.

काही गोष्टी पटल्या नाहीत, त्याही सांगते. तो पानंच्या पानं पाऊस लिहितो. मी म्हटलं, पाऊस पडला म्हण आणि पुढं चल. त्यानं एक अख्खं पुस्तक एका कोल्हीवर लिहिलं आहे. तोफांनी जळून गेलेलं नदीकाठचं काट्याचं कुंपण त्यानं हातानं पुन्हा लावलं आणि त्यात पहिलं पाखरू कोणतं आलं, दुसरं कोणतं आलं, यावर आणखी एक पुस्तक. लढाईवर मात्र एकच लहान पुस्तक, तेही सगळ्यात शेवटी. लोकांना राग यायचा म्हणे, की एवढं बघून आलेला माणूस गवतावर काय लिहितो. मी शीतलला विचारलं, "ह्याची बायको काय करत होती?"

"पुस्तकात न्हाई ते."

"मग निम्मंच पुस्तक हाय. कुंपण लावायला हा गेला, तवा गिरणी कोण बघत होतं?"

शीतलनं ते कुठेतरी लिहून घेतलं. पुढे तिनं शोधून काढलं की बायको गिरणी बघायची आणि ह्याचं लिहिलेलं वाचून निम्मं काटायचीही. पाऊस काटायचा तिला कंटाळा आला असावा.

लढाईच्या त्या लहान पुस्तकात एक घोडी होती. तोफ ओढणारी. चिखलात रुतली, पाय मोडला आणि पुढे जायचा हुकूम झाला. लेखक लिहितो की मेलेल्या माणसांची आठवण त्याला येते, पण स्वप्नात घोडी येते. माणसाला निदान सांगितलं तरी होतं की लढाई आहे, घोडीला कुणी काही सांगितलं नव्हतं. शीतल हे वाचत होती तेव्हा भोरड्यांचा गलका चालूच होता, तिला आवाज चढवून वाचावं लागत होतं. गंजीमागे काही तरी हललं. मला वाटलं, गाय असेल.

मी शीतलला विचारलं, "ही पाखरं कुठून येतात गं? उन्हाळ्यात तर दिसत न्हाईत."

"लांबून येतात आजी. डोंगरांच्या पलीकडच्या मुलखातून."

"तरीच. बॉम्बला भीत न्हाईत. ऐकत ऐकतच आली असतील."

शीतल हसली नाही. पुढचं पान काढून वाचलं. तिथे लढाई संपली होती. रेल्वेतून उतरून तो चालत गावाकडे निघतो, पाठीवर पिशवी, पायात फौजेचेच बूट. गावाच्या चौकात नवा दगड उभा केलेला, त्यावर नावं, त्यातली बरीचशी त्याच्याबरोबर शाळेत बसलेली. तिथे थांबून तो म्हणतो... शीतलनं वाचलं, "लढाई संपली आणि मी मातीला आलो."

मी शेंग सोलता सोलता म्हणाले, "कोणाच्या मातीला?"

शीतलला कळेना. "म्हणजे?"

"मातीला आलो म्हणतोय ना? कोण मेलं? कोणाच्या मातीला आला?"

"अगं, तसं नाही आजी. आपल्या मातीकडे, आपल्या भूमीकडे परत आलो, असं आहे ते."

"मग तसं लिही. आमच्याकडं मातीला जातात ते मेलेल्याला पुरायला न्हाई तर जाळायला. हे वाचून कुणीबी विचारंल, कोणाच्या..."

"सगळ्यांच्या."

आवाज गंजीमागून आला होता. घोगरा, गंजलेल्या बिजागरीसारखा. आम्ही दोघी वळलो. बालाजी उठून उभा राहिला होता. केसांत कडब्याची पानं. त्याच्याशेजारी लाल्या नावाचा आमचा गोऱ्हा उभा होता, तोही आमच्याकडे बघत होता.

"सगळ्यांच्या मातीला आला तो," बालाजी म्हणाला. "बरोबर लिवलंय पोरी. खोडू नको."

मी पुन्हा शेंग सोलायला लागले. बोलले असते तर तो पुन्हा खाली बसला असता, असं मला वाटलं. शीतल शहाणी, तिनंही नजर कागदाकडे वळवली. तो आला आणि माझ्यासमोर मांडी घालून बसला. सुपातल्या शेंगा ओढून सोलायला लागला. दाणे सुपाबाहेर उडत होते.

"माझी एक खेचर होती माय," तो म्हणाला. "तिच्या खुरावर नंबर टाकलेला. मी तिला कपिला म्हनायचो."

"खेचरीला कपिला?" मी म्हटलं.

"साहेबबी हसायचे. पन तिला कळायचं. कपिला म्हटलं की कान उभे."

मग त्यानं सांगितलं. फार नाही. वर चढताना अरुंद वाट, एका बाजूला कडा. तिच्या पाठीवर गोळ्यांच्या पेट्या. पहाटे पहाटे वरून तोफेचा मारा सुरू झाला. सगळे आडवे झाले. लादलेल्या खेचराला आडवं होता येत नाही. ती उभीच राहिली, त्याच्या वर, चार पाय त्याच्या दोन्ही बाजूंना. मारा थांबला तेव्हा ती त्याच वाटेवर बसली होती आणि पुन्हा उठली नाही. त्याच्या शेजारचे दोघंही उठले नाहीत. माणसं खाली आणली. तिला आणता येत नव्हतं.

"मी म्हटलं, तिला माती तरी देऊ. दगड तरी टाकू अंगावर. साहेब म्हनाले, पुढं चल. साहेबाचं बरोबर होतं. पुढं लोक उपाशी होते."

आमच्या घरी बैल गेला तर आपल्याच रानात खड्डा करून त्याला पुरतात. मीठ घालतात, वर हळदकुंकू वाहतात. बालाजीनं लहानपणापासून ते पाहिलं होतं. कपिलेला ते झालं नव्हतं. इतक्या वर्षांत त्यानं हे ना बायकोला सांगितलं ना मला. कुठल्या तरी फ्रान्सवाल्याच्या घोडीनं ते काढून घेतलं. मला त्याचं नवल वाटलं आणि थोडा हेवाही. आई मी होते.

"तुझ्या जिवासाठी उभी राह्यली म्हन की," मी म्हटलं.

"हाव," तो म्हणाला. आणि शेंगा सोलत राहिला.

त्यानंतर सगळं नीट झालं असं कुणी समजू नये. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा गंजीमागे होता. पण दुपारी वाचनाची वेळ झाली की पुढे येऊन बसायचा. पुस्तकातल्या दुसऱ्या लढाईपर्यंत आम्ही आलो. फ्रान्सवाला आता प्रौढ झालेला, पुन्हा सैनिक येतात, त्याच्या गिरणीतच मुक्काम ठोकतात. ते असेपर्यंत त्यानं एक अक्षर लिहिलं नाही. रोज उठून फळझाडं छाटायचा, नाही तर कुंपण नीट करायचा. बालाजीनं विचारलं, "कुंपन टिकलं का मंग?" शीतल म्हणाली, "टिकलं मामा. अजून हाय म्हणे." त्यानं मान हलवली, जणू शेजारच्या गावची बातमी ऐकली.

आणि एका सकाळी मी भाकरी घेऊन आखाड्यावर येत होते, तर ओरडण्याचा आवाज आला. धावत जाता येत नाही, तरी धावले. बालाजी ज्वारीत उभा होता. भोरड्यांचा थवा उठवत होता, दोन्ही हात वर करून, "हाऽऽ, हाऽऽ, हुर्र्या!" करत. पाखरं उठली, चक्कर मारून पुन्हा उतरली. हा पुन्हा ओरडला. मला बघून रागानं म्हणाला, "माय, रान का सोडलंस? निम्मी ज्वारी खाल्ली की! डबे कुठं हायत?"

"घरी."

"घरी कशाला नेले? येड लागलं का तुला?"

किती तरी दिवसांनी तो माझ्यावर ओरडला. मी भाकरीचं फडकं बांधावर ठेवलं आणि त्याच्याशी भांडायला लागले. बांधापलीकडून शिवाप्पा बघत होता. तो ओरडून म्हणाला, "काकू, अर्धं तरी राहिलं का ओ?"

"तुझ्या जावयाला विचार!" मी म्हटलं. तो हसला. बालाजीला काय ते कळलं नाही, पण तोही त्याच्याकडे बघून थोडं हसला. बॉम्बचं आणि माझ्या सोडलेल्या रानाचं गणित त्याला पुढे उषानं सांगितलं. मी सांगितलं नव्हतं, आणि तो मला त्याबद्दल काही बोलला नाही.

काढणी झाली तेव्हा कणसांचा ढीग लहान पडला. कडबा मात्र सगळा होता, पाखरं कडबा खात नाहीत. गुरांचं भागलं. आम्ही त्या वर्षी निम्म्या भाकऱ्या बाजरीच्या खाल्ल्या. शीतल परत गेली. तिच्या मॅडमनी त्या वाक्यावर लाल रेघ मारली, म्हणाल्या, बाहेरच्या वाचकाला हे कळणार नाही. त्यांचंही बरोबरच होतं. शीतलनं वाक्य ठेवलं आणि खाली बारीक अक्षरात टीप दिली. टीप वाक्यापेक्षा लांब झाली आहे. तिनं छापलेलं पुस्तक पाठवलं ते मी उघडून ती जागा पाहिली, बाकी वाचलं नाही. बाकीचं ऐकलंच होतं.

मला कुणी विचारतं, पुस्तकानं पोरगा बरा झाला का? न्हाई. डॉक्टरांच्या गोळ्या अजून चालू आहेत. अजून लग्नाच्या वरातीत फटाके वाजले की बालाजी उठून आखाड्यावर जातो. फरक एवढाच की जाताना सांगून जातो, "माय, मी जातो." आणि मला कळतं की तो कशासाठी जातो. एवढ्यासाठी पुस्तक पुरे झालं. लढाईनं माणूस शहाणा होतो असलं काही त्या पुस्तकात नव्हतं, म्हणूनही ते मला बरं वाटलं. झाडं लावावीत, दुःख विसरावं, असलंही नव्हतं. एक माणूस लांबच्या वाटेनं पाणी ऐकत घरी येत होता, तेवढंच होतं.

फ्रान्सवाला म्हातारा होऊन आपल्या गिरणीत, आपल्या खाटेवर मेला. कपिला डोंगरातच राहिली. शिवाप्पा पुढच्याच पावसाळ्यात गेला, साध्या तापानं. लिंगायत माणूस, त्याला त्याच्याच रानात बसवून पुरला. आम्ही सगळे मातीला गेलो. बालाजीनं ओंजळभर माती घातली, मग आणखी एक ओंजळ घातली, मग आणखी. लोक थांबले. त्याचं होईपर्यंत कुणी त्याला बाजूला केलं नाही.

पाखरांनी खाल्लेल्या त्या सुगीच्या शेवटी, खळं झाल्यावर, एक दिवस उषा गावातल्या घरून पोतं उचलून आखाड्यावर आली. पोतं ओतलं. दावी, कासरे, विहिरीचा दोर. बालाजी बघत होता. ती एकेक दावं उचलून गायींच्या गळ्यात बांधायला लागली. तो उठला आणि लाल्याला त्यानं बांधलं. गाठ घट्ट मारली, ओढून पाहिली.

यंदाचा चर तोच शिंपणार आहे. बालाजी जगला.